माझ्या कुशीतली खिडकी

मी एक म्हातारी गाय आहे, आणि माझ्या डाव्या कुशीला झाकण आहे. थट्टा नाही करत, मित्रांनो. काळं, रबराचं, बशीपेक्षा मोठं आणि ताटापेक्षा लहान असं झाकण. ते ओढून काढलं की थेट माझं पोट. आत खाल्लेलं गवत दिसतं, वाफ येते आणि वासही येतो. शाळेची सहल आली की आधी सगळी पोरं माझ्याभोवती गोळा होतात. कुणी "ई" म्हणतं, कुणी नाक दाबतं, कुणी दुसऱ्याला पुढे ढकलून मागे लपतं. आणि दर सहलीत एखादी मुलगी असतेच, जी हळूच विचारते, "हिला दुखत नसेल का हो?" तिला उत्तर द्यायला आजवर कुणाला सवड झाली नाही. आज मीच देते. बाकीच्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नाही.

आमचं घर म्हणजे संशोधनाचा गोठा. वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली सिमेंटची जमीन, मधोमध एक लांब गल्ली आणि गल्लीच्या कडेने गव्हाणी. गल्लीच्या टोकाला काचेची खोली, तिथे संगणक. गाईने काय खाल्लं, किती खाल्लं, दूध किती दिलं, माजावर कधी आली, गाभण राहिली की नाही, याच्यावर इथली माणसं वर्षानुवर्षं डोकं खपवतात. मला सुरुवातीला हसू यायचं. गाय खाते आणि गाय विते, यात मेलं शोधायचं काय? पण खाण्याचा आणि विण्याचा संबंध किती जवळचा असतो, हे पुढे मला माझ्याच घरात बघावं लागलं.

झाकण बसवलं तेव्हा मी तरुण होते, दुसऱ्या वेताची. सुई टोचून कूस बधिर केली, कापलं, शिवलं, रबर बसवलं. काही दिवस मी कुणाकडे मान वळवून बघितलं नाही. मग भूक लागली. भूक लागली की गाईचा राग जातो, हा आमच्या जातीतला मोठा दोष आहे. तेव्हापासून माझं नाव पडलं खिडकी. त्याआधी मी नुसता एक नंबर होते, म्हणजे तशी बढतीच म्हणायची.

काम मी पुष्कळ केलं. जाळीच्या छोट्या पिशव्यांत वेगवेगळा चारा भरून माझ्या पोटात सोडायचे आणि मग ओढून काढायचे, कुठला चारा किती लवकर जिरतो ते बघायला. माझ्या पोटात कायम कुणाच्या ना कुणाच्या पिशव्या. नुसतं कपाट झालं होतं माझं. एखादी गाय आजारी पडून खाणं सोडायची, तेव्हा माझ्या पोटातला रस काढून तिला पाजायचे, आणि ती परत गव्हाणीला लागायची. अशा किती जणी माझ्या जिवावर पुन्हा उभ्या राहिल्या, आणि एकीनेही कधी आभार मानले नाहीत. मोठे साहेब पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची सगळ्यात चांगली कर्मचारी. रजा नाही, पगारवाढ नाही." पाहुणे हसायचे. साहेबांचा तोच विनोद, पाहुणे मात्र नवे.

पोटात हात घालायचं काम डॉक्टरबाईंचं. त्या इथे शिकायला आल्या तेव्हा अगदी कोवळ्या होत्या. पहिल्यांदा खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढून थेट गटारापाशी जाऊन ओकल्या. मी हसले नाही. पुढे त्यांना सवय झाली, आणि थंडीत तर मुद्दाम जरा जास्त वेळ हात आत ठेवायच्या. "खिडके, तुझ्यासारखी शेगडी नाही गं," म्हणायच्या. हात आत असताना त्या माझ्याशी बोलायच्या. घरी आईशी भांडण झालं, साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं, लग्नाचं विचारायला कुणीतरी येऊन गेलं आणि परत फिरकलं नाही, सगळं माझ्या पोटात आहे. माणसांच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणतात. माझ्या राहिली, तीही झाकण असून.

दुसरा माणूस म्हणजे गोठेवाला मामा. तो कुणाचाच मामा नाही, पण साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात. चारा घालणं, गोठा धुणं, विणारीपाशी बसून राहणं, सगळं त्याच्याकडे. तोंडाने फटकळ. दिवसभर आम्हाला शिव्या घालायचा आणि त्याच हाताने मानेखाली खाजवायचा. कुठे खाजवलं की गाईचे डोळे मिटतात, हे त्याला बरोबर माहीत.

माझ्या शेवटच्या वेताला मला मुलगी झाली. मामानेच ओढून काढली. तोंड पुसलं आणि मोठ्याने ओरडला, "बाई, छापा बघा! हुबेहूब खिडकी!" खरंच होतं ते. माझ्या कपाळावर पांढरा डाग आहे, वर रुंद आणि नाकाकडे निमुळता, मध्येच थोडा डावीकडे सरकलेला. तिचाही तसाच, डावीकडे सरकलेला. इथे वासरं आईजवळ ठेवत नाहीत, ती वासरांच्या खोलीत वाढतात. पण ती मोठी होऊन कळपात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिला कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. सगळे तिला खिडकीची पोर म्हणायचे. मीही पोरच म्हणते. पुढे पोर गाभण राहिली, व्याली आणि दुधाला लागली. असं दूध, की मामा बादली उचलताना "आई गं" म्हणायचा.

आता बाईंचा प्रयोग काय होता ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. नुकती व्यालेली गाय दुधापायी स्वतःचं अंग झिजवते. फार झिजली तर ती माजावर येत नाही, आली तरी गाभण राहत नाही. मग बाईंचा प्रश्न असा, की व्याल्यावर लगेच चांगला खुराक दिला, तर गाय लवकर गाभण राहील का? काही गाईंना चांगला खुराक आणि काहींना नेहमीचा. पोर चांगल्या खुराकात होती. मी या प्रयोगात नव्हते. मी भाकड, माझं दूध कधीच आटलेलं. माझ्या वाट्याला सुकं गवत. ते योग्यच होतं, माझी तक्रार नाही. आणि गोठ्याचा एक नियम होता. ठरलेल्या मुदतीत जी गाय गाभण राहणार नाही, ती गोठ्याबाहेर. तिला व्यापाऱ्याचा ट्रक नेतो. ट्रकमधून परत आलेली गाय मी तरी पाहिलेली नाही.

कुणी कुणाचं खाऊ नये म्हणून प्रत्येक गव्हाणीला छोटं दार होतं. प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात एक डबी. ज्या गाईचा पट्टा, तिचंच दार उघडणार. दुसरीने डोकं आपटून घेतलं तरी नाही. कुणी किती खाल्लं ते संगणकाला आपोआप कळायचं. माझं दार आणि पोरीचं दार शेजारी शेजारी होतं. पट्टा खाण्यापुरता; दुधाच्या खोलीत कानातला बिल्ला बघायचे.

छपराखाली आमच्या बसायच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि प्रत्येक जागेमागे भिंतीत एक खिळा, त्यावर नंबर रंगवलेला. गळ्याला बुरशी होऊ नये म्हणून पट्टे अधूनमधून धुवायचे, ते ज्याच्या त्याच्या खिळ्यावर वाळत घालायचे, आणि दुपारी गाई जागेवर आल्या की मागचा पट्टा घेऊन गळ्यात अडकवायचा. जुनी पद्धत. मामाचे हात डोळ्यांची वाट बघायचे नाहीत.

माझी जागा कडेची, वाऱ्याची होती. पोर व्याली तेव्हा उकाडा होता. मामा मला म्हणाला, "खिडके, तू आता म्हातारी, तुला कसला आलाय उकाडा? पोरीला बसू दे इथे." त्याने तिला माझ्या जागेवर आणलं आणि मला तिच्या जागेवर नेलं. मला आनंदच झाला. आपल्या लेकीला वारा लागतोय याच्याहून म्हातारीला काय हवं? खिळ्यांवरचे नंबर मात्र होते तिथेच राहिले. त्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग पट्टे धुवायचा दिवस आला. मामाची स्वतःची लेक त्या दिवशी दवाखान्यात होती, पहिलं बाळंतपण. सकाळपासून तो फोन काढायचा, बघायचा, ठेवायचा. सगळे पट्टे धुतले, नंबर बघून खिळ्यांवर टांगले. दुपारी फोन वाजला. "निघालोच, निघालोच," तो म्हणाला आणि भराभर पट्टे चढवत सुटला. मन दवाखान्यात आणि हात गोठ्यात. पोर माझ्या खिळ्याखाली उभी होती, तिच्या गळ्यात त्याने माझा पट्टा घातला. मी तिच्या खिळ्याखाली, मला तिचा घातला. बकल लावताना माझ्या मानेवर थाप मारली आणि म्हणाला, "आज आजोबा होतोय गं मी!" आणि पळत गेला.

संध्याकाळी मी माझ्या दारापाशी गेले तर ते उघडेना. शेजारचं उघडलं. आत भरडलेला मका, पेंड, वर काहीतरी गोड वासाचं. मला वाटलं, झाली बाई म्हातारपणी कदर! मी जे तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मग ठकठक ऐकू आलं. पोर शेजारी उभी राहून मी तोंड घातलेल्या दारावर, म्हणजे तिच्याच दारावर, डोकं घासत होती. तिला कळत नव्हतं. शेवटी दमून ती बाजूला सरकली, आणि माझं जुनं दार तिच्यासाठी उघडलं. आत सुकं गवत होतं. तिने एकदा गवताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खायला लागली.

मित्रांनो, सुक्या गवतावर म्हातारी रिकामी गाय जगते. नुकती व्यालेली, बादल्या भरून दूध देणारी गाय जगत नाही. ती स्वतःलाच खाते.

दुसऱ्या दिवशी मामा आला तो नाचतच. "मुलगी झाली! दोघी सुखरूप!" त्याने प्रत्येक गाईला सांगितलं. पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आता तुझा नंबर हं. लवकर गोड बातमी दे." मी जोरात हंबरले. तो म्हणाला, "हो हो, तुलाही सांगतो की. मुलगी झाली."

तुम्ही म्हणाल, कुणाला दिसलं कसं नाही? चारा गल्लीतून घालतात. गल्लीतून आमची नुसती तोंडं दिसतात, आणि आमची तोंडं एक. माझी खिडकी मागे, कुशीला. आणि मागून बघावं तर दारांवर नंबर नाहीत, ते गल्लीकडच्या बाजूला. त्यातच माझ्या झाकणाच्या कडेला जखम झाली होती. बाईंनी औषध लावलं आणि सगळ्यांना बजावलं, "जखम भरेपर्यंत हे झाकण कुणी उघडायचं नाही. मीसुद्धा नाही." मायेनेच म्हणाल्या त्या. पोरीला वाऱ्याची जागा दिली तीही मायेने आणि माझं झाकण बंद ठेवलं तेही मायेने. कुणाला दोष देऊ?

मला जे सुचलं ते मी केलं. माझी मान दारात असेपर्यंत दार उघडं राहतं, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं. मी मान घालून तोंड एका बाजूला घ्यायची आणि पोरीने शेजारून मुसंडी मारून तोंड आत घालायचं. चार घास मिळायचे तिला. अधाशासारखी खायची. एक दिवस मामाने मागून पाहिलं आणि धावत आला.

"अगं ए! आईच्या तोंडचा घास काढतेस? लाज नाही वाटत? तुला एवढा राजेशाही खुराक, आणि म्हातारीच्या गवतावर डोळा?"

त्याने तिच्या पाठीत रट्टा घातला. हलकाच, पण घातला. दुसऱ्या दिवशी आमच्या दोन दारांच्या मध्ये लोखंडी नळी ठोकली, म्हणजे तिला माझ्याकडे वळता येऊ नये. नळी ठोकून झाल्यावर माझ्या कानामागे खाजवत म्हणाला, "आता खा निवांत. मी आहे ना." मला त्या दिवशी त्याचं खाजवणं नको झालं.

पोर वाळत गेली. आधी दूध उतरलं, मग खुबे वर आले, मग बरगड्या मोजता याव्यात अशा दिसू लागल्या. केस उभे राहिले. बाई काचेच्या खोलीतून दिवसातून कितीदा तरी यायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि परत जायच्या.

"मामा, स्क्रीनवर तर दिसतंय, सगळा खुराक संपवते ही. मग जातो कुठे?"

"बाई, काहींच्या अंगी लागतच नाही. आमची घरची बघा, दोन माणसांचं जेवते आणि फुंकर मारली तर उडेल. आणि ही खिडकी बघा, नुसत्या गवतावर कशी सुटलीय! संशोधन करायचं तर हिच्यावर करा."

बाई हसल्या. मी तिथेच उभी होते, पोरीचा खुराक पोटात घेऊन.

बाईंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. रक्त तपासलं, शेण तपासलं, जंताचं औषध दिलं. रक्ताचा निकाल आला तेव्हा पोरीच्या मानेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. "हिचं रक्त उपाशी गाईचं आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण उपाशी कशी असेल? खाते तर आहे." अगदी दाराशी आल्या होत्या बाई. हातभर अंतर उरलं होतं. मी हंबरले, झाकण नळीवर घासलं, पाय आपटले. बाई वळल्या, माझ्याकडे बघितलं आणि मामाला म्हणाल्या, "खिडकीची जखम खाजतेय वाटतं. मलम लावा."

मुदत संपत आली. पोर माजावर येईना. बाकीच्या खुराकवाल्या गाई एकेक करून गाभण राहिल्या, मोठे साहेब खूश. फक्त एक गाय घोडं अडवून बसली होती. बाईंनी इंजेक्शनं दिली तेव्हा कुठे पोर माजावर आली, तीही कळेल न कळेल अशी. रेतन केलं. उलटली, म्हणजे राहिली नाही, पुन्हा माजावर आली. पुन्हा केलं. या वेळी माजाचे दिवस येऊन गेले तरी ती उलटली नाही, आणि मामा हळू आवाजात बोलायला लागला. जोराने बोललं तर बातमी मोडेल, अशी भीती असावी त्याला. पोरीच्या पाठीवर पोतं घालायचा. "राहिलीस ना गं? राहिलीस ना?" विचारायचा. मीही आशेवर होते. खोटं कशाला बोलू, मी तर तिच्या वासराचा डाग कुठल्या बाजूला सरकलेला असेल तेही मनात ठरवलं होतं.

बाईंनी पोटातला गर्भ दाखवणारं यंत्र आणलं. मामा बाजूला उभा, हाताची घडी घालून. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. यंत्र फिरवलं, पुन्हा बघितलं.

"रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

"नीट बघा ना, बाई."

"बघितलं, मामा."

"मग एकदा, अजून एकदाच संधी द्या तिला. खिडकीची पोर आहे हो ती. हाताने काढलीय मी."

"मामा, मुदतीचा नियम कुणी लिहिलाय? मीच लिहिलाय. हिला ठेवलं तर आधी ज्या पाठवल्या त्यांना काय सांगू?" बाईंचा आवाज फुटला. "मला का आवडतंय हे? सगळं देऊनही तिचं अंग धरत नाही, तर मी काय करू?"

सगळं देऊनही. हे ऐकलं मी.

ट्रक सकाळी आला. ट्रकवाला घाईत होता. मामाने पोरीला फळीपाशी नेलं. गोठ्याची वस्तू गोठ्यात राहावी म्हणून तिच्या गळ्यातला पट्टा काढायला लागला, पण डोळे भरलेले, बकल सापडेना. शेवटी चाचपून काढला आणि न बघता खिशात कोंबला. नंबर तिथेच होता, त्याच्या तळहातावर, ढळढळीत. त्याला कसा दिसणार?

पोर फळीवर चढेना. दोघांनी मागून रेटली. वर गेल्यावर तिने मागे वळून एकदा हंबरडा फोडला. मी उत्तर दिलं. आमच्यात निरोपाचा वेगळा शब्द नाही हो. भुकेला, वासराला, निरोपाला, एकच हंबरणं. त्यामुळे ती मला काय म्हणाली, भूक लागली की येते, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंना माझी जखम भरलेली दिसली.

बाई हातमोजा चढवून आल्या. बऱ्याच दिवसांनी भेटत होतो आम्ही तशा. झाकण काढलं, हात आत घातला. "खिडके, फार वाईट गेला गं हा महिना," त्या बोलायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. आत त्यांची बोटं थांबली. मग हळूहळू चाचपायला लागली, जणू अंधारात काही सापडलंय आणि ते खरं असू नये असं वाटतंय. आणि मग, मित्रांनो, माझ्या पोटात त्यांच्या हाताची मूठ वळली. घट्ट. आयुष्यभर कितीतरी हात आत आले आणि गेले, पण मूठ कुणी वळली नव्हती.

हात बाहेर आला. मूठ उघडली. भरडलेला मका होता.

"मामा," बाईंनी हाक मारली. आवाज अगदी साधा होता, आणि मला त्याचीच भीती वाटली. "खिडकीला खुराक कोण घालतं?"

"कोण घालणार? सुकं गवत खाते ती."

"मग हे काय आहे?"

मामाने बघितलं. मग दोघांनी एकदमच माझ्या गळ्याकडे बघितलं. बाईंनी पट्टा फिरवून वरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि नंबर वाचला. मामाने भिंतीकडे बघितलं, खिळ्यांकडे. त्याचे ओठ हलत होते. मग धावत जाऊन त्याने पोरीच्या गळ्यातून काढलेला, तेव्हा न बघताच कपाटात टाकलेला पट्टा आणला, त्याच्यावरचा माझा नंबर वाचला आणि होता तिथे, ओल्या जमिनीवर, बसला.

"आईच्या तोंडचा घास काढतेस, म्हणालो मी तिला," तो म्हणाला. "मारलं मी तिला, बाई. ती स्वतःचं खायला आली होती."

बाईंनी फोन लावला. व्यापाऱ्याचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "अहो बाई, भाकड गाय! ती काय अजून दावणीला बांधून ठेवलीय? गेली ती तेव्हाच." बाई फोन कानाला तसाच धरून उभ्या राहिल्या. पलीकडून कधीच ठेवला होता.

मोठ्या साहेबांना त्यांनी सगळं खरं सांगितलं. लपवलं नाही, हे श्रेय त्यांच्या पदरात घालते मी. साहेब म्हणाले, "झालं ते झालं. ती एक गाय वगळा, मग निकाल उत्तम येतोय." निकाल उत्तम आला. चांगला खुराक मिळाला तर गाय लवकर गाभण राहते, हे सिद्ध झालं. ते खरंच आहे. उपाशी राहिली तर राहत नाही, हेही माझ्या पोरीने सिद्ध केलं होतं, पण ती वगळलेली.

बाई त्यानंतर एकदा एकट्याच आल्या. हातमोजा नव्हता. माझ्या कुशीला कपाळ टेकून म्हणाल्या, "तू सांगितलं का नाहीस गं?"

बाई, मी रोज सांगत होते. तुम्ही माझ्या कुशीला खिडकी पाडलीत आणि त्यातून माझं सगळं तुम्हाला दिसायला लागलं. मग तोंडाकडे बघायची सवयच गेली.

आता मामा पट्टे धुतो तेव्हा दोनदा नंबर वाचतो, गाईचं तोंड दोन्ही हातांत धरून बघतो, मगच बकल लावतो. त्याची नात आता चालायला लागली आहे म्हणे. तो सांगत नाही, मी दुसऱ्यांकडून ऐकते. पूर्वीसारख्या शिव्याही घालत नाही. गोठा फार शांत झाला आहे.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल, यंत्रं चालवाल, पडद्यावर आकडे बघाल. जरूर बघा. तो पडदा खोटं बोलला नव्हता, त्याला जेवढं विचारलं तेवढं त्याने सांगितलं. पण आकडा म्हणाला "खाते" आणि बरगड्या म्हणाल्या "उपाशी", तर जरा उठून गोठ्यात जा. ज्याला तोंड असून बोलता येत नाही, त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. अंगावर हात फिरवा. फार वेळ नाही लागत.

आणि तू गं, मघाशी विचारलंस ती. माझा पट्टा मला परत मिळाला, बरं का. माझं दार पुन्हा माझ्यासाठी उघडतं, आत सुकं गवत असतं आणि ते मला पुरतं. पट्ट्याच्या बकलमध्ये पोरीचे थोडे केस अडकलेले आहेत. मामाने ते काढले नाहीत. दुखतं का म्हणालीस ना? झाकणापाशी नाही गं. हात जरा पुढे आण, गळ्याकडे. पट्ट्याखाली. हां, तिथे.